पर्सिस्टंट मेमरीवर फाइल सिस्टिमचा वेग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑप्टेन या इंटेलच्या पर्सिस्टंट मेमरीचे वापरलेले मॉड्यूल सेकंडहँड बाजारात दिसू लागल्यापासून पणजी, वेर्णा, फोंडा, मडगाव अशा सगळीकडून साधारण सारखेच प्रश्न येत आहेत. बहुतेकांची तक्रार एकच असते: ‘बसवली तर खरी, पण वेग काही दिसत नाही.’ वेळोवेळी दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत आहेत. सगळं लिनक्सबद्दल आहे. आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, टर्मिनलवर ती अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची.

१. पर्सिस्टंट मेमरी म्हणजे जरा जास्त वेगवान एसएसडीच ना?

नाही. एसएसडीकडे मागणी नोंदवावी लागते आणि ती अख्खा ब्लॉक परत देते. पर्सिस्टंट मेमरी, म्हणजे बोलीभाषेत पीमेम, रॅमच्याच खाचेत बसते. प्रोसेसर तिच्यातला हवा तो बाइट थेट वाचतो-लिहितो आणि वीज गेली तरी मजकूर शाबूत राहतो.

वेगाचा अंदाज असा: साध्या एनव्हीएमई एसएसडीवर एका छोट्या वाचनाला साधारण ८० ते १०० मायक्रोसेकंद लागतात. ऑप्टेनच्या पहिल्या पिढीच्या मॉड्यूलवर विखुरलेल्या वाचनाला सुमारे ३०० नॅनोसेकंद आणि साध्या रॅमला ८०च्या आसपास. म्हणजे रॅमपेक्षा तीन-चारपट मंद, पण एसएसडीपेक्षा शेकडो पट जलद.

ज्या थ्रीडी क्रॉसपॉइंट तंत्रावर ही मॉड्यूल उभी आहेत, ते इंटेल आणि मायक्रॉन यांनी २०१५ मध्ये जाहीर केलं. मॉड्यूल एप्रिल २०१९ मध्ये १२८, २५६ आणि ५१२ जीबी अशा आकारांत आली आणि जुलै २०२२ मध्ये इंटेलने हा धंदा गुंडाळत असल्याचं सांगितलं. आता विकत घ्यावीत का, ते प्रश्न १५ मध्ये.

२. फाइल सिस्टिम तर फक्त नावं आणि फोल्डर सांभाळते. तिच्यामुळे वेग कसा कमी होईल?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला निघताना माणूस आठवड्याची यादी करतो, मोठी पिशवी घेतो आणि आणलेलं सामान घरी फडताळात भरून ठेवतो. बाजार लांब आहे, म्हणून हा खटाटोप परवडतो. फाइल सिस्टिमची रचना याच हिशोबाने झाली आहे. डिस्क लांब, म्हणून मागण्या रांगेत लावायच्या, एकदम ४ केबी आणायचे, रॅममध्ये पेज कॅशच्या फडताळात ठेवायचे आणि तिथून पुन्हा एकदा प्रोग्रॅमच्या हातात द्यायचे. पीमेम म्हणजे परसातली मिरची. ती तोडायलासुद्धा आपण यादी, पिशवी आणि फडताळ वापरत राहिलो, तर सगळा वेळ त्यातच जाणार.

आकड्यांत सांगायचं तर डिस्कला १०० मायक्रोसेकंद लागत होते, तेव्हा कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, वर पाच मायक्रोसेकंद खाल्ले तरी कुणाच्या लक्षात येत नव्हतं. आता मूळ वाचनच एका मायक्रोसेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात होतं. मग तेच पाच मायक्रोसेकंद हा जवळजवळ सगळा खर्च ठरतो. पीमेमवर वेग वाढवणं म्हणजे मधली कामं एकेक करून काढून टाकणं. फक्त काढलेल्या प्रत्येक कामाबरोबर त्याची जबाबदारी आपल्याकडे येते, हे प्रश्न ९ वाचताना आठवणीत ठेवा.

३. माझ्या मशीनमध्ये बसेल का?

मॉड्यूल डीडीआर४च्या खाचेत शिरतं, त्यावरून फसू नका. आतली बोली वेगळी असते. पहिल्या पिढीला दुसऱ्या पिढीचा झिऑन स्केलेबल प्रोसेसर आणि तसा सर्व्हर-बोर्ड लागतो. डेस्कटॉपवर किंवा एएमडीच्या मशीनवर ते चालत नाही. शिवाय सोबत साधी रॅम लागतेच.

बायोसमध्ये दोन वाटा दिसतील. ‘मेमरी मोड’मध्ये ते मोठ्या, जरा मंद रॅमसारखं वागतं आणि बंद केल्यावर सगळं विसरतं, म्हणजे फाइल सिस्टिमचा संबंधच उरत नाही. आपल्याला हवा तो ‘ॲप डायरेक्ट’. एका गृहस्थांनी महिनाभर पीमेमचं डिव्हाइस शोधलं आणि शेवटी मशीन मेमरी मोडमध्ये निघालं. आधी तेवढं बघा.

४. एनडीसीटीएल नेमस्पेसचा मोड विचारतं. कुठला देऊ?

एनडीसीटीएल हे पीमेमची मांडणी करायचं साधन आणि नेमस्पेस म्हणजे त्याने आखलेला पीमेमचा हिस्सा. त्यावर फाइल सिस्टिम टाकायची असेल तर ‘एफएसडॅक्स’. ‘डेव्हडॅक्स’मध्ये फाइल सिस्टिम नसते, एखादा प्रोग्रॅम अख्खी जागा स्वतःच सांभाळतो. ‘रॉ’ विसरून जा. ‘सेक्टर’ मोडचा एक खास उपयोग आहे, तो प्रश्न १० मध्ये आहे.

एफएसडॅक्स निवडल्यावर मेमरीच्या प्रत्येक ४ केबीच्या तुकड्यामागे, म्हणजे पानामागे, कर्नल ६४ बाइटची नोंद ठेवतं. एक टीबीला हा हिशोब १६ जीबीवर जातो. या नोंदी रॅममध्ये ठेवायच्या की पीमेममध्येच, ते ‘मॅप’ या पर्यायाने ठरतं. रॅम मुबलक असेल तर ‘मेम’ द्या, कारण नोंदी सतत बदलतात आणि रॅम जलद आहे. ६४ जीबी रॅमच्या मशीनवर दीड टीबी पीमेम बसवून ‘मेम’ दिलंत, तर २४ जीबी रॅम त्यातच जाईल. अशा वेळी ‘डेव्ह’च बरा.

५. डॅक्स म्हणजे काय, आणि ते चालू कसं करायचं?

डॅक्स म्हणजे डायरेक्ट ॲक्सेस, मधलं पेज कॅशचं फडताळ काढून टाकणं. प्रोग्रॅमने फाइल एममॅप केली, म्हणजे स्वतःच्या मेमरीचा भाग असल्यासारखी जोडून घेतली, की पीमेमची पानं सरळ त्याच्या पत्त्यांच्या नकाशात येतात. त्यानंतर वाचणं-लिहिणं म्हणजे साधी प्रोसेसरची सूचना, कर्नल मध्ये येतच नाही. लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये ही सोय २०१५ मध्ये ४.० आवृत्तीपासून ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमला मिळाली आणि मागोमाग एक्सएफएस या दुसरीला.

कर्नल ५.८ पासून तीन पर्याय आहेत. माउंट करताना ‘डॅक्स=ऑलवेज’ दिलं तर सगळ्या फाइलींना, ‘नेव्हर’ दिलं तर कुणालाच नाही आणि ‘आयनोड’ दिलं, किंवा काहीच दिलं नाही, तर ज्या फाइलीवर खूण लावली आहे तिलाच. खूण फोल्डरवर लावली तर त्यात नव्याने बनणाऱ्या फाइलींना ती वारशाने मिळते.

यातली नेहमीची ठेच अशी की उघड्या फाइलीवर खूण लावली तर काहीच बदलत नाही. फाइल सगळ्यांनी बंद करून तिचा आयनोड, म्हणजे फाइलीची माहिती ठेवणारी नोंद, कर्नलच्या आठवणीतून जाईपर्यंत जुनीच पद्धत चालू राहते. म्हणून आधी फोल्डरवर खूण लावा आणि मग फाइल त्यात कॉपी करा. ईएक्सटी४साठी ब्लॉक ४ केबीचाच हवा.

६. डॅक्स चालू केलं, तरी प्रोग्रॅम होता तितकाच हळू. उलट जरा जास्तच हळू. असं कसं?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. कारणं चार आहेत आणि बहुधा त्यातलं एखादं तुमच्याकडे असेलच.

पहिलं, प्रोग्रॅम एममॅप वापरतच नसेल. रीड आणि राइट वापरणाऱ्या प्रोग्रॅमला डॅक्समुळे ब्लॉकच्या रांगेतून सुटका मिळते, पण प्रत्येक वेळी कर्नलचा उंबरा ओलांडणं आणि एक कॉपी ही राहतेच. शंभर-शंभर बाइटचे लाखो रीड करणाऱ्या प्रोग्रॅमचा वेळ उंबऱ्यावरच जातो. त्याला एक तर मोठे तुकडे वाचायला शिकवा किंवा एममॅपवर आणा.

दुसरं कारण लोकांना पटायला जड जातं. पेज कॅश रॅममध्ये असते आणि रॅम पीमेमपेक्षा जलद आहे. तुमची ४० जीबीची माहिती १२८ जीबी रॅममध्ये आरामात मावत असेल आणि तीच पुन्हा पुन्हा वाचली जात असेल, तर डॅक्सशिवायच काम लवकर होईल. परसातली मिरची जवळ खरी, पण मसाल्याच्या डब्यातली त्याहून जवळ. दोनापावलाहून समुद्राच्या मॉडेलचं काम करणाऱ्या एका ताईंच्या बाबतीत नेमकं हेच निघालं. त्यांनी निकालांच्या फाइलींना डॅक्स ठेवलं, रोज वाचायच्या तळाच्या नकाशाला काढून टाकलं आणि प्रश्न मिटला. एकाच फाइल सिस्टिमवर हे दोन्ही करता येतं, त्यासाठीच प्रश्न ५ मधली खूण आहे.

तिसरं, मोजण्यातली चूक. डॅक्स नसताना राइट ‘झालं’ म्हणून परत येतं, तेव्हा माहिती फक्त रॅममध्ये गेलेली असते. डॅक्स असताना ती कॅश ओलांडून खरोखर पीमेमपर्यंत पोचवली जाते. मग एफसिंक, म्हणजे ‘लिहिलेलं कायमच्या जागी पोचव’ ही आज्ञा, न देता घेतलेल्या चाचणीत डॅक्स हरलेलं दिसणारच. तुलना दोन्हीकडे एफसिंक करून घ्या. फायओ या चाचणीच्या साधनात एममॅपचं आणि लिबपीमेम या पीमेमसाठीच्या लायब्ररीचं इंजिन आहे. तुमच्या प्रोग्रॅमची चाल ज्याच्याशी जुळते ते वापरा, जास्त आकडा देतं ते नव्हे.

चौथं, पहिल्या स्पर्शाचा खर्च. त्याला स्वतंत्र प्रश्न लागेल.

७. फाइल पहिल्यांदा भरताना तासभर लागतो, नंतर मात्र झपकन चालते. पहिल्या वेळी एवढं काय होतं?

एममॅप केल्याने पानं लगेच जोडली जात नाहीत. प्रत्येक पानाला पहिल्यांदा हात लागला की पेज फॉल्ट येतो. कर्नल जागा शोधतं, ती शून्यांनी भरतं, जर्नलमध्ये, म्हणजे फाइल सिस्टिमच्या बदलांच्या वहीत, नोंद करतं आणि मग पान जोडतं. १०० जीबीच्या फाइलीत ४ केबीची पानं भरतात २ कोटी ६२ लाखांवर. तीच पानं २ एमबीची असतील तर ५१,२००. फरक इथेच आहे, आणि माझ्या मते पीमेमवरचा सगळ्यात मोठा फुकटचा फायदाही हाच. मोठ्या पानांमुळे पुढेही प्रोसेसरच्या पत्ते-वहीत, म्हणजे टीएलबीत, कमी नोंदी लागतात आणि विखुरलेली वाचनं सुधारतात.

पण २ एमबीचं पान मिळायला सगळीकडची जुळणी लागते. नेमस्पेसची सुरुवात २ एमबीच्या पटीत हवी. त्यावर पार्टिशन केलं असेल तर तेही त्याच पटीत सुरू व्हायला हवं. फाइल सिस्टिमने दिलेली जागा सलग आणि जुळलेली हवी. प्रोग्रॅमने मागितलेला पत्ताही तसाच हवा. यातलं एक जरी चुकलं तरी कर्नल तक्रार न करता गुपचूप ४ केबीवर येतं. कुठेही चूक दिसत नाही, फक्त वेग जातो.

एक्सएफएस बनवताना ‘एसयू=२एम, एसडब्ल्यू=१’ द्या आणि फोल्डरला २ एमबीचा एक्स्टेंट-आकार, म्हणजे सलग जागेच्या तुकड्याचा आकार, सुचवा. ईएक्सटी४ला ‘स्ट्राइड’ आणि ‘स्ट्राइप विड्थ’ दोन्ही ५१२ द्या, कारण ५१२ गुणिले ४ केबी म्हणजे २ एमबी. पार्टिशनच न करता अख्ख्या डिव्हाइसवर फाइल सिस्टिम टाकणं सगळ्यात सोपं. खरोखर मोठी पानं मिळतात का, ते कर्नलच्या ट्रेसमध्ये ‘डॅक्स पीएमडी फॉल्ट’ या घटनेत दिसतं. तिथे ‘फॉलबॅक’ लिहून आलं की समजा, कुठेतरी जुळणी चुकली आहे. जुन्या, तुकडे-तुकडे झालेल्या फाइल सिस्टिमवर हे हमखास होतं.

उरलेला उपाय म्हणजे हे काम आधी उरकून ठेवणं. नुसतं फॅलोकेट पुरत नाही. जागा राखली जाते, पण ‘अजून न लिहिलेली’ अशी खूण राहते आणि पहिल्या लेखनाला पुन्हा जर्नल जागं होतं. फाइल एकदा शून्यांनी खरोखर लिहून एफसिंक करा, मगच कामाला द्या.

८. आठ थ्रेड होते ते बत्तीस केले. लिहिण्याचा वेग वाढायच्या ऐवजी घटला!

ऑप्टेनची ही सवयच आहे. एका मॉड्यूलचा वाचनाचा वेग सेकंदाला साडेसहा जीबीच्या आसपास जातो, लेखनाचा मात्र सव्वादोन जीबीला थांबतो. एका मॉड्यूलवर लेखन एक ते चार थ्रेडांतच कळस गाठतं. त्यापुढे गर्दी केली की सगळे एकमेकांच्या पायात येतात. लिहिणारे थ्रेड मोजके ठेवा, वाचणारे हवे तितके.

दुसरी गोष्ट तुकड्याच्या आकाराची. प्रोसेसर ६४ बाइटच्या ओळींत लिहितो, पण मॉड्यूल आतून २५६ बाइटचा घास घेतं. इथे ६४, तिथे ६४ असं लिहिलं, तर प्रत्येक वेळी २५६ वाचून, बदलून परत लिहावे लागतात. नोंदी २५६च्या पटीत आणि सलग ठेवल्या तर काहीही न खरेदी करता वेग वाढतो.

आणि दोन सॉकेटचं मशीन असेल तर आधी हे तपासा: थ्रेड एका प्रोसेसरवर आणि पीमेम दुसऱ्याच्या खाचांत असं नाही ना? दुसऱ्या बाजूच्या पीमेमवर लिहिणं फार महाग पडतं, रॅमच्या बाबतीत जेवढं पडतं त्याहून कितीतरी जास्त. एनडीसीटीएलच्या तपशीलवार यादीत नूमा नोड, म्हणजे पीमेम कुठल्या प्रोसेसरच्या बाजूला आहे ते, दिसतो. नूमासीटीएलने प्रोग्रॅम त्याच नोडला बांधा. दोन्ही सॉकेटचं पीमेम एकाच फाइल सिस्टिमखाली जोडायचा मोह टाळा, दोन फाइल सिस्टिम ठेवा.

९. आमच्याकडे चांगला यूपीएस आहे. मग एफसिंकची काय गरज?

यूपीएस दिवे जाण्यापासून वाचवतो, कर्नल कोसळण्यापासून किंवा कुणीतरी वायर ओढण्यापासून नाही. मृगाचा पहिला पाऊस आला की आपल्याकडे वीज कशी ये-जा करते ते सांगायला नको. अशाच एका संध्याकाळी यूपीएसची बॅटरीच मेलेली आहे, हे मला पहिल्यांदा कळलं.

मुद्दा असा. तुम्ही लिहिलेलं आधी प्रोसेसरच्या कॅशमध्ये असतं. वीज गेली तर मेमरी कंट्रोलरच्या रांगेत पोचलेलं तेवढं मॉड्यूलमध्ये उतरवण्याची हमी असते. या व्यवस्थेला एडीआर म्हणतात. कॅशमध्ये राहिलेलं जातं. म्हणून एममॅप करून लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला ‘सीएलडब्ल्यूबी’सारख्या सूचनेने ओळ बाहेर ढकलावी लागते आणि मागे ‘एसफेन्स’ देऊन क्रम पक्का करावा लागतो. काही नव्या सर्व्हरांवर ईएडीआर आहे, तिथे कॅशसुद्धा वाचवली जाते, पण आपल्याकडे आहेच असं धरून चालू नका. शिवाय एका झटक्यात अखंड लिहिलं जाण्याची खात्री फक्त आठ बाइटची. नऊ बाइटची नोंद अर्धी राहू शकते.

हे झालं मजकुराचं. फाइल कुठल्या ब्लॉकांत आहे याची नोंद फाइल सिस्टिमच्या जर्नलमध्ये असते, ती ढकलायला एफसिंकच लागतो. कर्नल ४.१५ पासून एममॅपला ‘मॅप सिंक’ हा पर्याय आहे. तो दिला की पान जोडण्याआधीच ती नोंद पक्की होते, मग पुढे कॅश-ओळी ढकलणं पुरतं. अर्थात पहिला फॉल्ट त्याने आणखी जड होतो, त्यावरचा उपाय प्रश्न ७ च्या शेवटी आहे. हे सगळं हाताने लिहिण्यापेक्षा पीएमडीके संचातलं लिबपीमेम वापरा. सीएलडब्ल्यूबी विसरल्याची चूक नेहमीच्या चाचणीत सापडत नाही, वीज गेल्यावरच सापडते.

१०. पोस्टग्रेस किंवा एसक्यूलाइट पीमेमवर हलवलं तर काही बदलावं लागेल का?

चालू होतील, पण एक गोष्ट बदलू नका. पोस्टग्रेसमधलं ‘फुल पेज राइट्स’ बंद करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. डिस्क निदान एक सेक्टर अखंड लिहिते असं आपण गृहीत धरत आलो, एफएसडॅक्सवरच्या पीमेमला तेवढंही बंधन नाही, हे प्रश्न ९ मध्ये आलं आहेच. सेक्टरच्या अखंडतेवर विसंबलेला जुना प्रोग्रॅम असेल, तर त्याच्यासाठी ‘सेक्टर’ मोडचं नेमस्पेस करा. तिथे बीटीटी नावाचा तक्ता प्रत्येक सेक्टर आधी नव्या जागी लिहून मग पत्ता बदलतो. बदल्यात डॅक्स मिळत नाही.

थोडंच पीमेम असेल तर माझा सल्ला असा: डेटाबेस एसएसडीवरच ठेवा आणि फक्त त्याचा वॉल लॉग, म्हणजे बदल आधी नोंदण्याची वही, पीमेमवर न्या. प्रत्येक व्यवहार त्या लॉगच्या एफसिंकसाठी थांबतो, फायदा तिथेच आहे. एक्सएफएस आणि ईएक्सटी४चं जर्नलही असं वेगळ्या डिव्हाइसवर ठेवता येतं. डीएम-राइटकॅश वापरून पीमेमला एसएसडीपुढचा लेखन-कॅश करणं हा तिसरा मार्ग. यातल्या कशालाच प्रोग्रॅममध्ये एक ओळही बदलावी लागत नाही.

११. ईएक्सटी४ घेऊ की एक्सएफएस? आणि ते नोव्हा काय प्रकरण आहे?

मोठ्या, मोजक्या फाइली असतील तर एक्सएफएस, कारण एक्स्टेंट-आकार सुचवण्याची सोय त्यात सरळ आहे. सवय ईएक्सटी४ची असेल तर तेही चालेल, आकडे मोजूनही फार फरक दिसत नाही. बीटीआरएफएसमध्ये डॅक्स नाही.

नोव्हा ही सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पीमेमसाठीच बनलेली फाइल सिस्टिम, तिचा शोधनिबंध २०१६चा. प्रत्येक आयनोडला स्वतःचा लॉग, त्यामुळे एका जर्नलपाशी सगळ्यांची रांग लागत नाही. कल्पना सुंदर आहे, अभ्यासाला जरूर घ्या. पण ती मुख्य कर्नलमध्ये नाही, म्हणून कार्यालयाची माहिती तिच्यावर ठेवू नका.

१२. डॅक्स असताना एन्क्रिप्शन, रीफलिंक, रेड यातलं काय चालतं?

नियम एकच: प्रोसेसरला दिसणारे बाइट आणि मॉड्यूलमधले बाइट तेच असायला हवेत. मध्ये रूपांतर आलं की डॅक्स गेलं. म्हणून ईएक्सटी४चं एन्क्रिप्शन आणि डॅक्स एका फाइलीवर नांदत नाहीत, अख्ख्या डिव्हाइसचं एन्क्रिप्शन करणाऱ्या डीएम-क्रिप्टवरही डॅक्स नाही. मजकूरही जर्नलमधून लिहिणारा ‘डेटा=जर्नल’ही नाही. ऑप्टेन मॉड्यूल स्वतः आतून एईएस-२५६ वापरतं, त्याला पासफ्रेज लावता येतो. एलव्हीएमचं, म्हणजे लिनक्सच्या व्हॉल्यूम-व्यवस्थेचं, साधं किंवा स्ट्राइप केलेलं व्हॉल्यूम चालतं, मिरर चालत नाही, तेव्हा बॅकअप ठेवणं आलंच. एक्सएफएसमध्ये जुन्या कर्नलांवर रीफलिंक, म्हणजे दोन फाइलींनी तेच ब्लॉक वाटून घेणं, बंद करूनच डॅक्स मिळे, नव्यांत ही अट सैल झाली आहे.

१३. प्रोग्रॅम अचानक ‘सिगबस’ देऊन मरतो. मेमरी खराब झाली का?

बहुधा एखादी जागा खराब झाली आहे. सिगबस म्हणजे मेमरीच्या त्या जागेपर्यंत पोचता न आल्याचा संकेत. रीड वापरलं असतं तर ‘आय-ओ एरर’ असा नेहमीचा निरोप आला असता. एममॅपमध्ये मध्ये कुणी नसल्याने प्रोसेसरची तक्रार सरळ प्रोग्रॅमच्या अंगावर येते. दुसरी शक्यताही पाहा. फाइल मागून कुणी कापून लहान केली, तरी सिगबसच येतो.

एनडीसीटीएलमध्ये ‘मीडिया एरर्स’ मागितले की खराब जागांची यादी मिळते. ती फाइल पुसा आणि बॅकअपमधून परत आणा. मोकळे झालेले ब्लॉक पुन्हा दिले जाताना शून्यांनी लिहिले जातात, तेव्हा खूण निघून जाते. यादी वाढतच असेल तर मॉड्यूल बदला. सेकंडहँड मॉड्यूल लावण्याआधी हीच यादी आणि आरोग्याचा अहवाल बघून घ्या. एका विक्रेत्याने मला ‘नवंकोरं’ म्हणून दिलेल्याची यादी पानभर निघाली होती.

१४. फर्मागुढीला इंजिनिअरिंग शिकतो. हार्डवेअर घेणं शक्य नाही, तरी शिकता येईल का?

नक्कीच. कर्नलच्या बूट-ओळीत ‘मेममॅप=४जी!१२जी’ असं दिलं, की १२ जीबीच्या पुढची ४ जीबी रॅम पीमेम म्हणून दिसू लागते. आधी त्या पत्त्यांवर खरोखर रॅम आहे ना, ते बूटच्या नोंदीत बघा. डॅक्स, मोठी पानं, मॅप सिंक हे सगळं त्यावर करता येतं. क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीनच्या साधनातही नकली एनव्हीडिम, म्हणजे पीमेमचं मॉड्यूल, जोडता येतो.

दोन गोष्टी मात्र शिकता येणार नाहीत. वेग रॅमचा असल्याने आकडे निरुपयोगी, म्हणून ते प्रकल्प-अहवालात पीमेमचे म्हणून छापू नका. आणि बूट-ओळीतून बनवलेलं ‘पीमेम’ वीज गेली की रिकामं होतं.

१५. ऑप्टेन तर बंद पडलं. मग आता यात पैसे घालण्यात अर्थ आहे का?

नव्या उत्पादनाचा आधार म्हणून नाही. सुटे भाग जितके बाजारात आहेत तितकेच. पण चालू सर्व्हर आधीच त्या पिढीचा असेल, खाचा रिकाम्या असतील आणि काम एफसिंकपाशी अडत असेल, तर स्वस्तात मिळालेली दोन मॉड्यूल लॉगसाठी लावणं मला पटतं. दोन यासाठी, की एक बिघडलं तर बदली हाताशी असावं.

डॅक्ससाठी केलेली मेहनत ऑप्टेनबरोबर बुडत नाही. एनव्हीडिम-एन, म्हणजे रॅमला फ्लॅश आणि सुपरकपॅसिटरची जोड दिलेली मॉड्यूल, याच पीमेम डिव्हाइसच्या रूपात दिसतात. प्रोसेसरला बाहेरून मेमरी जोडण्याच्या सीएक्सएल या मानकाच्या नोव्हेंबर २०२०च्या २.० आवृत्तीत टिकाऊ मेमरीसाठी वीज जाताना सगळं उतरवून घेण्याची तरतूद आहे. आणि व्हर्च्युअल मशीनमध्ये व्हर्टिओएफएस, म्हणजे यजमान मशीनच्या फाइली आतल्या पाहुण्या मशीनला दाखवणारी सोय, वापरत असाल तर त्यातही कर्नल ५.१० पासून डॅक्स आहे. तिथे पीमेम लागतच नाही, यजमान मशीनची पेज कॅशच पाहुण्याच्या नकाशात जोडली जाते, म्हणजे एकाच फाइलीच्या दोन प्रती रॅममध्ये राहत नाहीत. ते आजच्या तुमच्या साध्या सर्व्हरवरही करून बघता येईल.